सात आरशांची गाडी

रविवार, ९ जून

बाबा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बराच बरा आहे आणि तुम्ही पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागलात, असं धाकट्याने कळवलं. काठी मात्र रोज घरीच विसरता, हेही त्याने कळवलं. मी त्यावर काही बोलत नाही. आम्ही सगळे ठीक. गेला आठवडाभर एका दवाखान्याच्या दारांचं काम चाललंय. बेचाळीस काचा बसवायच्या होत्या, त्यातल्या दोन फुटल्या आणि दोन्ही माझ्याच हातून. कारागिरांवर ओरडायची सोयच राहिली नाही.

खरं तर फोनच करणार होतो. पण हल्ली फोनवर आपलं बोलणं धड होत नाही. मी काही विचारलं की तुम्ही 'हो हो, छान आहे सगळं' म्हणता आणि फोन धाकट्याच्या हातात देता. तो म्हणतो, लाइन खराब आहे. असेल. म्हणून लिहायला बसलो. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलावर काचांची धूळ आहे, कागदाला लागलीच तर जपून हाताळा.

विषय गाडीचा आहे. माझा जुना टेंपो शेवटी भंगारात गेला, हे तुम्हाला कळलंच. त्यावर तुमचा निरोप मिळाला की पांढरी गाडी घेऊन जा. बाबा, मला खरंच भरून आलं. रिटायर झाल्यावर तुम्ही घेतलेली गाडी, जिच्या टपावर कुणी नुसता हात ठेवला तरी तुमच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ती तुम्ही आपणहून देताय. मग धाकट्याने निरोपाचा दुसरा भाग सांगितला, जरा आवाज बारीक करून. किल्ली माझ्या खिशात राहायला हवी. पोरीने मागे बसायचं.

भिंगरीला आता एकोणिसावं लागलंय. तिला लायसन्स मिळून दोन महिने झाले. तिला ऐकू येत नाही हे अर्जावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तिनेच लिहिलं होतं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने सूचना कागदावर लिहून दिल्या, तिच्या शेजारी बसून पाऊण तास फिरला आणि पहिल्याच खेपेला तिला पास केलं. मला तीन खेपा लागल्या होत्या, तुम्हाला आठवतच असेल. तुम्ही बसडेपोतल्या सगळ्यांना सांगत होतात.

आता आम्हाला एकच गाडी हवी आहे, दोघांत मिळून. सकाळी ती मला दुकानात सोडणार आणि तशीच पुढे कॉलेजला जाणार. तिथे इमारतींचे नकाशे काढायला शिकवतात, आणि कॉलेज गावाबाहेर, जिथे बस दिवसातून चारदा जाते. दुपारी तिने गाडी आणून दिली की माझ्या काचा. म्हणजे गाडी अशी पाहिजे की जिच्यात काचा उभ्या राहतील (आडव्या घातल्या की तडकतातच) आणि जी तिलाही चालवायला आवडेल. या दोन अटी एकत्र बसवताना माझ्या नाकी नऊ आलेत.

गेले दोन रविवार आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात जातोय. विकणारा माणूस मोठा गोडबोल्या. पण सगळं माझ्याशी बोलतो. भिंगरी सीटवर बसलेली, हात स्टिअरिंगवर, आणि हा मला विचारणार, 'ताईंना सीट उंच वाटतेय का?' मी म्हटलं, ताईंनाच विचारा. मग त्याने तिला तेच ओरडून विचारलं. तिने शांतपणे खिशातून वही काढली आणि त्याच्यापुढे धरली. वहीत एकवीस प्रश्न होते. मागच्या काचेतून किती दिसतं, खिडकीचा खांब किती जाड, सीट किती पुढे सरकते. माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाजारातल्या सगळ्यात नव्या गाडीची त्याने फार तारीफ केली. पट्टा लावला नाही की आवाज येतो, मागे घेताना काही आडवं आलं की आवाज येतो, दार उघडं राहिलं की आवाज येतो. मी हसत सुटलो. मग त्याच्याही लक्षात आलं आणि तोही हसला.

माझं मत, गियर बदलायची कटकट नसलेली गाडी घ्यावी. तिला इंजिनाचा आवाज कळत नाही, मग गियर कधी बदलायचा हे कसं कळणार? ती ऐकायला तयार नाही. तिचं म्हणणं, गियरच्या दांड्यावर हात ठेवला की इंजिन काय करतंय ते तळहाताला कळतं, ते काढून घेतलं तर तिला गाडी कळणारच नाही. तुमच्या सुनेने मला हे समजावून सांगितलं, कारण माझी खुणांची भाषा, तिच्याच शब्दांत, दुकानापुरती आहे. ये, जेव, किती, उशीर झाला. यापलीकडे माझे हात अडखळतात.

तर बाबा, तुमची गाडी आम्ही घेत नाही. मनावर घेऊ नका. तिचं मागचं दार लहान आहे, त्यातून माझ्या काचा जाणार नाहीत. कारण एवढंच आहे.

नियमित औषध घ्या. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला आठवण सांगा.

तुमचा
थोरला


गुरुवार, २० जून

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत हे बघून आधी बरं वाटलं. अक्षर अजून तसंच आहे, फेरीचा तक्ता भरल्यासारखं, एक काना इकडचा तिकडे नाही. मग वाचलं.

तुम्ही लिहिलंय की दार लहान हे कारण खोटं आहे. बरोबर आहे. दार मी मोजलेलं नाही. पण पुढे तुम्ही जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. 'मी एकतीस वर्षं बस चालवली. गाडी अर्धी डोळ्यांनी चालते आणि अर्धी कानांनी. जिला कानच नाहीत तिच्या हातात गाडी देणारा बाप नव्हे.'

त्यावर लगेच उत्तर लिहिणार होतो. दोन कागद फाडले. म्हणून आधी घडलेलं सांगतो.

बाजारातल्या माणसाने एक छोटी व्हॅन दोन दिवस वापरून बघायला दिली. सरकतं दार, उंच सीट, चारही बाजूंनी मोठाल्या काचा, दांड्याचा गियर. मागे माझी काचांची चौकट उभी राहते, शिवाय एक माणूसही नीट बसतो. आम्हा दोघांना ती बघताक्षणी पटली. पण मला झोप येईना. तुमचं पत्र अजून आलं नव्हतं, तरी तुमचं म्हणणं मला पाठच होतं. मागून भरधाव येणारा ट्रक, बाजूने घुसणारी मोटारसायकल, रुग्णवाहिका. जे कानाने कळायचं ते डोळ्यांना दाखवायचं, एवढाच उपाय मला सुचला. आणि आरसे करणं तर माझा धंदाच.

शनिवारी दुकान बंद ठेवून मी आरसे कापले. दोन बाहेरच्या मूळ आरशांवर गोल आरसे. एक आतल्या आरशाच्या खाली, रुंद. दोन खिडक्यांच्या खांबांवर. एक मागच्या सीटच्या वर. एक डॅशबोर्डवर, वरच्या बाजूला तोंड करून, तो कशासाठी ते आता मलाही आठवत नाही. मूळचे तीन सोडून सात. कडा घासून गुळगुळीत केल्या, मागे रबर लावलं. काम चांगलं झालं होतं, मी सांगतो म्हणून नाही. तुमची सून बघायला आली आणि म्हणाली, 'ही गाडी आहे की केशकर्तनालय?' मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी भिंगरी गाडीत बसली. मी शेजारी, ही मागे. भिंगरी गल्लीतून हळूच निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि मला दिसलं की तिची मान पहिल्यासारखी फिरत नाहीये. एरवी ती गाडी चालवते तेव्हा दर थोड्या वेळाने मान वळते, डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा समोर. आता ती नुसती थिजल्यासारखी. सिग्नलवर तिने ब्रेक जरा उशिरा दाबला. काही झालं नाही, पुढची गाडी हातभर लांब होती. पण मी ओरडलोच, आणि तिच्या खांद्यावर मी जोरात हात मारला.

तिने गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावली. हँडब्रेक ओढला. मग उतरून, माझ्या ड्रॉवरमधला पेचकस कधी खिशात घातला होता कोण जाणे, तिने एकेक करून सातही आरसे काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मग हातांनी बोलली. भराभर बोलली, मला अर्धंच कळलं. मी मागे वळून हिच्याकडे बघितलं.  ही म्हणाली, 'ती म्हणतेय, दहा आरसे आहेत आणि त्यातल्या सातांत मला रस्ता दिसत नाही, बाबा दिसतो. घाबरलेला बाबा. ते तोंड बघत मी गाडी कशी चालवू?'

मी आरसे मांडीवर घेऊन बसून राहिलो. प्रत्येक आरसा मी बसवताना माझ्या सीटवरून तपासला होता. तिच्या सीटवरून एकही नाही. आरसे करणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, याची मला फार लाज वाटली.

परत येताना तिने चालवलं. मी मागे बसलो, ही पुढे. आणि पहिल्यांदा मी रस्त्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. बाबा, ती डोळ्यांत तेल घालून चालवते. वळणाच्या आधीच वेग कमी. समोरच्या गाडीच्या चाकांवरून तिला कळतं की ती आता बाजूला घुसणार. चौकात लोकांच्या माना एका बाजूला वळल्या तर ती आपणहून कडेला होते, आणि मग मागून रुग्णवाहिका येते. मला त्या रुग्णवाहिकेचा भोंगा तिच्यानंतर ऐकू आला, कारण मी रेडिओ लावला होता.

आता आमच्यात नियम ठरलेत. गाडी चालू असताना तिच्याशी बोलायचं नाही, कारण बोलायला तिला हात आणि डोळे दोन्ही लागतात. काही सांगायचं असलं तर गाडी थांबेपर्यंत पोटात ठेवायचं. खांद्याला हात लावायचा नाही, कधीच नाही. हा नियम तिने दोनदा अधोरेखित केलाय.

प्रश्न एवढाच, गाडी कानांनी चालते की नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. आज ते लिहायचा धीर होत नाही, म्हणून थांबतो.

व्हॅन आम्ही घेतोय.

तुमचा
थोरला


बुधवार, ३ जुलै

बाबा,

नमस्कार. हे पत्र एकटे बसून वाचा. धाकट्याला वाचून दाखवायला सांगू नका. दार लावून घ्या आणि चष्मा पुसून घ्या, मी मोठ्या अक्षरात लिहितोय.

मी तेरा वर्षांचा होतो. तुम्ही ड्युटीवरून आलात की आई तुमच्याशी एका ठरावीक बाजूने बोलायची. मला वाटायचं ती सवय आहे. मग एक दिवस मी इंजिनाच्या बाजूच्या तुमच्या कानाशी येऊन गणिताचा पेपर कसा गेला ते सगळं सांगितलं, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. त्या जुन्या बसांत इंजिन चालकाच्या अगदी शेजारी असायचं, झाकणाखाली. बावीस वर्षं तो आवाज त्या कानात गेला होता. तो कान संपलाच होता, दुसराही अर्धा उरला होता.

त्याच महिन्यात डेपोची वैद्यकीय तपासणी होती. डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि ते आपण पुन्हा म्हणून दाखवायचे, एकदा हा कान झाकून, एकदा तो. तुम्ही मला चार संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं केलंत. आई भिंतीकडे तोंड करून आकडे पुटपुटायची, मी बोटं दाखवायचो, तुम्ही आकडा म्हणायचात. आधी दहाची बोटं, मग एकाची. शून्याला मूठ. आई एकदाही वळून बघत नव्हती.

तपासणीच्या दिवशी तुम्ही मला शाळेच्या कपड्यांत बरोबर नेलंत. मी तुमच्यासमोर स्टुलावर बसलो, दप्तर मांडीवर, बोटं दप्तरावर. तुमच्या पाठीमुळे डॉक्टरांना मी दिसत नव्हतो. सहा आकडे झाले. सहाही बरोबर. डॉक्टरांनी सही केली आणि मला विचारलं, 'मोठा होऊन चालकच होणार का?' तुम्ही हसलात. मी बोटं दप्तराखाली सरकवली.

तीन वर्षांनी आपण ते पुन्हा केलं. मग नवे डॉक्टर आले, ते छाती तपासून सही करायचे.

बाबा, त्या पहिल्या तपासणीनंतर तुम्ही नऊ वर्षं बस चालवलीत. एक अपघात नाही, एक तक्रार नाही. दिवाणखान्यातलं ते प्रमाणपत्र खरं आहे, मी कुणापुढेही सांगेन. पण ती नऊ वर्षं मी कशी काढली ते तुम्हाला माहीत नाही. शाळेतून आलो की दप्तर टाकून, आणि शाळा संपल्यावरही रोज संध्याकाळी, मी डेपोच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचो. तुमची बस आत शिरली, तुम्ही उतरलात, की घरी पळायचो. तुम्हाला वाटायचं मला बसांचं वेड आहे. मला वाटायचं, आज जर बसखाली कुणी आलं तर ते माझ्या बोटांनी मारलं. भिंगरी स्टिअरिंगवर बसली की जे माझ्या पोटात होतं ते तिच्यामुळे नाहीच. ते तिच्या जन्माआधीपासून तिथे बसलंय. सात आरशांत तिला जे तोंड दिसलं ते फाटकाशी उभ्या असलेल्या त्या पोराचं होतं.

आता जे लिहायचंय ते याहून अवघड आहे.

भिंगरीच्या पहिल्या वाढदिवसाला सगळे तुमच्याकडे जमले होते. तिला ऐकू येत नाही हे त्याच महिन्यात कळलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'आमच्या घराण्यात असं कुणीही नाही. सूनबाईंच्या माहेरी विचारा.' ही तिथेच उभी होती, हातात ताटं होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, तरी तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी मूग गिळून बसलो. आईही बसली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की भिंगरीचं जन्मापासूनचं आहे, त्याचा ना तुमच्याशी संबंध ना हिच्या माहेराशी. पण त्या दिवशी मला एवढंच म्हणता आलं असतं की आमच्या घरात एक जण आहे, आणि तो हे बोलतोय. मी म्हटलं नाही. सतरा वर्षं म्हटलं नाही. ही तुमच्याकडे यायची हळूहळू बंद का झाली, हे तुम्ही धाकट्याला विचारता. मला विचारत नाही, कारण आपल्या दोघांना ठाऊक आहे.

तुमचं पत्र मी हिला दाखवलं. गाडी कानांनी चालते, हे वाक्य वाचून ती म्हणाली, 'त्यांना वाटतं तसं. मोठे आहेत, सोडून दे.' ती तुमची बाजू घेत होती, बाबा. तेव्हा मला गप्प बसवेना. मी तिला सगळं सांगितलं, स्वयंपाकघर, स्टूल, दप्तर. ती छापखान्यातून घरी कामासाठी आणलेल्या कागदांच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली. तिने एकच विचारलं, 'वाढदिवसाच्या दिवशी तुला हे माहीत होतं?' मी हो म्हटलं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मी माफी मागायला गेलो, तर तिने ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, 'इथे नको. जिथे म्हणाले होते तिथे म्हण.'

म्हणून या रविवारी आम्ही येतोय. मी दिवाणखान्यात, धाकटा आणि त्याची बायको समोर असताना, हे सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवतोय, कारण मागून येऊन धक्का द्यायचा नाही. रागवा, मला घराबाहेर काढा, मी जाईन. पण सांगून जाईन. या बाबतीत माझं आता ठरलंय.

तुमच्या तपासणीत आपण केलं ते चूकच होतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, हे मला आता बाप झाल्यावर कळतं, तरी चूक होतं. भिंगरीने मात्र अर्जाच्या पहिल्याच ओळीत खरं लिहून परीक्षा दिली. तुम्ही लपवून दिलीत. तुमच्या दोघांच्या चालवण्यात मला दिसणारा फरक एवढाच, आणि तो तिच्या बाजूने आहे.

तिलाही सांगितलं. सांगणं मलाच भाग होतं, हिने तोंड घालायला साफ नकार दिला. माझ्या दुकानापुरत्या खुणांनी अर्धा तास लागला. आकड्यांपाशी आलो तेव्हा हात आपोआप चालले, ती बोटं मला अजून पाठ आहेत. ती हसली नाही, चिडलीही नाही.  मला वाटलं, म्हणेल की आजोबा खोटारडे आहेत. मी तसं काही ऐकायची तयारी केली होती.

तिने विचारलं, 'नऊ वर्षांत एकदाही कुणाला लागलं नाही?'

मी म्हटलं, एकदाही नाही.

मग तिने जे म्हटलं ते मी तिच्याकडून दोनदा करून घेतलं, कारण मला वाटलं माझी समजण्यात चूक होतेय. ती म्हणाली, 'मला सगळे शिकवायला येतात, आणि सगळ्यांना ऐकू येतं. मला शिकवू शकेल असा घरात एकच माणूस आहे. तोच मला मागे बसायला सांगतो.'

बाबा, तिची वही भरली आहे. नवे प्रश्न लिहिलेत, तुमच्यासाठी. बसच्या मागचं कसं कळायचं. न ऐकू येणाऱ्या बाजूने कुणी येतंय, हे कशावरून ओळखायचं. मोठा चढ लागला की तळहाताला इंजिन कसं लागतं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. जगात कुणाकडे असेल तर ते तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही चाळीस वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही.

व्हॅनच्या कागदांवर दोन नावं आहेत, माझं आणि तिचं. किल्ल्याही दोन आहेत. चार तासांचा रस्ता पूर्ण तीच चालवणार. येताना पुढे तिची आई बसेल. जेवणं झाल्यावर ती तुम्हाला एक फेरी मारून आणणार आहे, तेव्हा ती सीट तुमची. काय सांगायचं ते गाडी थांबवून सांगा, हळू बोललात तर तिला ओठ थोडेफार वाचता येतात. तिने उत्तर दिलेलं तुम्हाला कळलं नाही तर वही मागा. तिच्या खांद्याला मात्र हात लावू नका.

रविवारी अकरापर्यंत पोचू. फाटकाशी आलो की हॉर्न वाजवणार नाही. तुम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसा, म्हणजे आम्ही आलेलो तुम्हाला दिसेल.

मागच्या सीटवरून येणारा,
तुमचा
थोरला